पाय पसरायची जागा

"जादा पैसे पडले तरी चालतील, पण पाय पसरायला जागा पाहिजे," नागोराव म्हणाले आणि अरफात त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला.

हडपसरच्या त्या गल्लीत 'जादा' हा शब्द नागोरावांच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता. आलेली पाकिटं उलटी चिकटवून ते पुन्हा वापरायचे. भाजीची जड पिशवी घेऊन गाडीतळापासून चालत यायचे, रिक्षा करायचे नाहीत. पंपांच्या कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. एका खोलीत एकटे राहायचे.

चैन म्हणावी तर एकच. बूट. काळे, लेसचे, रोज पॉलिश केलेले. किराणा आणायलाही बूट आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलाही बूट. चालणं जरासं ताठ. गल्लीनं त्यांचं नाव 'साहेब' पाडलं होतं. साहेब झोपतानाही बूट काढत नसतील, असं एकदा दूधवाला म्हणाला.

"नाही काढत," नागोराव म्हणाले. "तुझ्या दुधातल्या पाण्यानं पाय ओले होतात."

अरफातची आणि त्यांची ओळख वाचनालयातली. अरफात मराठीत एम. ए. झालेला. खराडीच्या एका कंपनीत तो दुसऱ्यांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहायचा आणि रविवारी स्वतःसाठी वाचायचा. नागोराव पेपर पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचायचे. ते त्याला मास्तर म्हणायचे. वयात दोन पिढ्यांचं अंतर, तरी सहा वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता. माणूस वाचता येणं हाच आपला विषय, असं अरफात मानायचा. नागोराव त्याला पाठ होते. असं त्याला वाटायचं.

एकच गोष्ट त्याला सलायची. सहा वर्षांत नागोरावांनी त्याच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

ते दाराशी यायचे. अरफातची आई अख्तरबानू चहा करायची. ते बाहेर, पायरीशी उभे राहून प्यायचे. ईदला शिरखुर्माही तसाच, उभ्यानं. वाटी चाटूनपुसून खायचे, चारोळी यंदा चांगली आहे म्हणायचे. आत या ना भाऊ, असं तिनं म्हटलं की ते घाईत असायचे. घरी वाट बघणारं कुणी नसलेल्या माणसाला घाई कसली, हे अख्तरबानूला कळायचं नाही. म्हणजे, कळायचं.

"चहा चालतो, शिरखुर्मा चालतो," ती एकदा कप विसळताना म्हणाली. "घर तेवढं चालत नाही."

अरफातनं आधी त्यांची बाजू घेतली. मग घेणं सोडून दिलं. त्यानं मनाशी एक उत्तर ठरवून टाकलं होतं आणि ते उत्तर त्याला आवडत नव्हतं. म्हणून त्यानं कधी विचारलं नाही.

तर आता विमान. नागोरावांची धाकटी बहीण मुक्ताई नागपूरला असायची. तिच्या धाकट्या मुलीचं, भाग्यश्रीचं लग्न होतं. मुलीला मांडवात आणायचं ते मामानं. अंतरपाटाच्या वेळी तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं. आणि मामा एकच.

थोरल्या भाचीच्या लग्नाला नागोराव रात्रीच्या बसनं गेले होते, बसून. त्यांच्या डाव्या पायाला जुनी इजा होती. कारखान्यातला अपघात, सळी घातलीय, फार वेळ दुमडून ठेवता येत नाही, एवढं अरफातला माहीत होतं. पुढची सीट गुडघ्याला टेकलेली. नागपूर येईपर्यंत पाय इतका सुजला की त्यांना खोलीबाहेर पडता आलं नाही. ताप आलाय म्हणून सांगितलं. भाचीला कुठल्याशा चुलतमामानं मांडवात नेलं. मुक्ताई काही बोलली नव्हती. पण तेव्हापासून तिचा प्रत्येक फोन एकाच वाक्यावर संपायचा.

"दादा, या खेपेला मांडवात येजो बाप्पा."

स्लीपर बसच्या वरच्या बाकावर त्यांना चढता येत नव्हतं. रेल्वेत पायाशी लोक येऊन बसतात, ते नको होतं. म्हणून विमान. त्यांनी कधी विमान आतून पाहिलं नव्हतं. पत्रिकेवर अरफातचंही नाव घालून घेतलं आणि त्याला म्हणाले, मास्तर, तू सोबत चल.

अरफातनं मोबाइलवर सीटांचा नकाशा उघडून दाखवला. मागच्या सीटा साध्या. पुढच्या थोड्या महाग. मधे, संकटकाळी उघडायच्या दाराशी एक रांग होती, तिथे सगळ्यात जास्त जागा आणि भावही तसाच. नागोरावांनी त्या रांगेवर बोट ठेवलं. काढलं नाही. अरफातला वाटलं, किंमत वाचली नसेल. त्यानं वाचून दाखवली.

"हो, हो. घे ती."

मग जेवण. तेही जादा पैसे देऊन मागवता येत होतं. ते म्हणाले, डबा नेऊ. मग रांगेत न थांबता आधी विमानात चढायची सोय.

"चढायला पैसे? मग आधी उतरू देतात का?"

"नाही."

"मग नको."

हे ओळखीचे नागोराव होते. अरफातला बरं वाटलं. दारालगतच्या सीटसाठी काही अटी होत्या, त्याखाली चौकट होती. अटी मान्य म्हणून त्यानं टिचकी मारली. साहित्याचा विद्यार्थी असला तरी त्या कोण वाचतो. मग बोलता बोलता तो म्हणाला, की तपासणीच्या वेळी कधीकधी बूट काढायला लावतात.

नागोरावांचं बोट मोबाइलवरून उचललं गेलं.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना नाही. यंत्र वाजलं तर."

त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, राहू दे, जाऊच नये. आणि उठून गेले. अरफातला अर्थ लागेना. पण दुसऱ्या दिवशी ते त्याच्या दाराशी उभे होते. मुक्ताईचा फोन आला होता, एवढंच म्हणाले. भर पैसे.

विमानतळावर ते नवीन शर्टात आले. बुटांत तोंड दिसत होतं. अरफात पुढे निघून तपासणीपलीकडे जाऊन थांबला. नागोराव चौकटीतून आले आणि यंत्र वाजलं. जवानानं हातातलं यंत्र त्यांच्या अंगावरून फिरवलं. छाती, खिसे, पट्टा. डाव्या नडगीशी ते असं किंचाळलं की शेजारच्या रांगेतले लोक वळले. सळी, अरफात मनात म्हणाला. नागोराव वाकले आणि जवानाच्या कानाशी काहीतरी बोलले. जवानाचा चेहरा बदलला. त्यानं त्यांना दंडाला धरून पडद्याआड नेलं.

थोड्या वेळानं तो जवान बाहेर आला आणि त्यानं अरफातला हाक मारली. "इनके साथ आप हैं? ज़रा अंदर आकर सँभालिए। कुर्सी छोटी है।"

अरफातनं पडदा बाजूला केला.

नागोराव खुर्चीवर बसले होते. डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली. गुडघ्याच्या खाली चारेक बोटं पाय होता. त्याच्या पुढे काही नव्हतं. उरलेला पाय भिंतीला टेकून उभा होता. गुडघ्याखालचा कातडी रंगाचा पेला, खाली नळी, नळीवर मोजा, मोज्याखाली बूट. बुटाची लेस नीट बांधलेली. दोन्ही टोकं सारखी.

अरफात त्या लेसकडे बघत राहिला. दुसरीकडे कुठे बघायचं ते त्याला कळेना.

"तोंड मिट, मास्तर," नागोराव म्हणाले. "आणि मला धर. नाहीतर पडेन."

त्यानं त्यांना धरलं. त्या माणसाचं वजन पहिल्यांदाच त्याच्या हातात आलं.

बाहेर येऊन दोघं बाकावर बसले. नागोरावांनीच सांगितलं, मोजकंच. कारखान्यात पंपांची पेटी पायावर आली. पाय काढावा लागला. गावी आई होती. आईला पत्रात सळी घातली असं लिहिलं, आणि ती असेपर्यंत सळीच राहिली. आई गेली. तोवर सगळ्यांसाठीच ती सळी झाली होती.

"मुक्ताई आत्या?"

"तिलाही सळीच."

अरफातच्या डोक्यात एकेक गोष्ट मागे जाऊन बदलायला लागली. गाडीतळापासूनची ती चाल. वाचनालयाचं लोखंडी कपाट वर चढवताना एका बाजूला तो होता, दुसऱ्या बाजूला नागोराव. अर्ध्या जिन्यात दम त्याला लागला होता. ती उलटी चिकटवलेली पाकिटं. खोटा पाय काही वर्षांनी झिजतो, नवा घ्यावा लागतो, चांगला महाग असतो, हे त्यांनी सहज सांगितलं, बूट झिजतात तसं. गल्ली ज्याला चिकटपणा म्हणून हसायची, तो हा होता. तोही हसला होता.

विमानात त्यांची सीट मिळाली. खरोखरच ऐसपैस. नागोरावांनी डावा पाय हळूच पुढे सरकवला. तो सरकत गेला, कशाला अडला नाही. ते मागे टेकले. अरफातची साधी सीट नेमकी त्यांच्या मागच्या रांगेत, मधली होती. फटीतून त्याला त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता आणि त्या चेहऱ्यावर, त्यानं कधी न पाहिलेलं, समाधान होतं. उद्या मामा मांडवात उभा राहणार होता.

एअर होस्टेस आली. त्या रांगेतल्या प्रत्येकाला ती दाराबद्दल सांगायला लागली. संकट आलं तर हे दार तुम्हाला उचलून बाहेर टाकावं लागेल. जड आहे. मग बाजूला होऊन बाकीच्यांना बाहेर पडू द्यायचं. मागच्या कितीतरी लोकांची वाट हीच. मदत कराल ना? खिडकीतला माणूस यस म्हणाला. मधली बाई यस म्हणाली.

ती नागोरावांकडे वळली.

त्या न वाचलेल्या अटी आता त्याला कळल्या. हो म्हणा काका, तो मनात म्हणाला. कोणाला काय कळतंय. बूट तर घातलेत.

नागोरावांनी दाराकडे पाहिलं. मग मान वळवून मागे पाहिलं. रांगांमागे रांगा, एक बाई बाळाला थोपटत होती. ते पुढच्या सीटच्या पाठीला धरून उभे राहिले.

"बाई, माझा एक पाय खोटा आहे," ते म्हणाले. "मला हे दार जमणार नाही."

आवाज मोठा नव्हता. पण सगळ्यांना ऐकू गेला. जे त्यांनी आईला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही, ते विमानभर माणसांना सांगून मोकळे झाले. अरफातचे कान गरम झाले होते, जणू ते गुपित त्याचंच होतं.

पोरगी भली होती. तिनं माफी मागितली, पण नियम होता. जादा घेतलेले पैसे परत मिळतील, म्हणाली.

"पैसे नकोत. मी जागेसाठी दिले होते."

पहिल्या रांगेतही पाय लांब करण्याइतकी जागा असते. ती पुढे गेली. तिथे गळ्यात कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र घातलेला एक तरुण होता. त्यानं कानातलं काढून ऐकून घेतलं, मागे वळून नागोरावांकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यानंही त्या सीटचे जादा पैसे भरले होते. तो तसं म्हणाला आणि ते खरंच होतं. अरफातला संताप आला, आणि त्या संतापाला धरायला काही सापडेना.

शेवटी अरफातच्या शेजारचा, वाटेकडेच्या सीटवरचा एक दांडगा मुलगा उठून दाराशी गेला आणि नागोराव त्याच्या जागी आले. मुलगा बसला, आणि दोन्ही पाय लांब सोडून त्यानं हातपाय ताणले. फुकटात.

नागोरावांनी बसून पाहिलं. पुढची सीट गुडघ्याला टेकली. पेल्याची कड मागून मांडीत रुतत असणार. अरफातला तो बसमधला पाय दिसायला लागला, ते न झालेलं उभं राहणं दिसायला लागलं. त्याला कळत होतं की पाय काढून ठेवला तर सूज टळेल. पण ज्या माणसानं आयुष्यभर कुणासमोर बूटही काढला नाही, त्याला हे कोण सांगणार?

नागोरावांनी पिशवीतून गुंडाळलेलं क्रेप बँडेज काढलं आणि अरफातच्या हातात दिलं. मग वाकले. पँट वर केली. एक हिसका दिला.

पलीकडच्या रांगेतल्या माणसाचा घास हातातच राहिला. त्याच्या बायकोनं तोंड फिरवलं, मग पुन्हा पाहिलं. नागोराव कुणाकडे बघत नव्हते. त्यांनी बँडेज घेतलं आणि सुजू नये म्हणून घट्ट, तिरपे वेढे दिले. हात सराईत होते. पाय, बुटासकट, अरफातच्या मांडीवर ठेवला होता. तो त्याला वाटलं त्यापेक्षा हलका होता.

एअर होस्टेस परत आली. उड्डाणाच्या वेळी मांडीवर काही ठेवता येत नाही, वरच्या कप्प्यात ठेवावं लागेल, असं तिनं अवघडून सांगितलं.

"ठेव की. पण वर कुणाची जड बॅग ठेवू नकोस," नागोराव म्हणाले. "पाय मुरगळेल."

ती दोन्ही हातांनी तो घेऊन गेली, तान्हं मूल न्यावं तसा. कप्पा बंद केला. विमान धावायला लागलं.

वर गेल्यावर अरफातला एकदम ते सुचलं.

"काका, आमच्या घरी तुम्ही कधी आत आला नाहीत."

"बूट काढावे लागले असते," नागोराव म्हणाले.

ते अरफातच्या पलीकडच्या खिडकीतून ढग बघत होते, पहिल्यांदाच. पाय बुटाच्या टाचेवर बेतलेला असतो, त्यांनी सांगितलं. बूट काढला की तोल मागे जातो, माणूस झोकांड्या खातो. आणि वहिनींच्या स्वच्छ फरशीवर बूट घालून जायचं, हे त्यांना शोभलं नसतं. म्हणून पायरीशी.

सहा वर्षं आई जो कप विसळत होती, तो अरफातच्या डोळ्यांसमोर आला. आईनं ठरवलं होतं, त्यानं ठरवलं होतं. दोघांनी मिळून एका माणसाला गुन्हेगार केलं होतं आणि चहा पाजत राहिले होते.

मधेच पहिल्या रांगेतला तो तरुण मागे आला. त्यानं रिकाम्या पँटकडे पाहिलं. अंकल, तुम्ही पुढे बसा, असं तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"आता नको बाळा," नागोराव म्हणाले. "आता जागाच जागा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय सुजलेला नव्हता. पेला बसला. नागोराव कार्यालयात चालत आले आणि मुक्ताईनं त्यांना दारात पाहिलं तेव्हा हातातलं ताट बाजूला ठेवून ती पुढे आली. मग गुरुजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.

मांडवाच्या पायरीशी चपलांचा ढीग पडला होता. बोहल्यावर पायताण घालून कुणी जात नाही. अरफातला हे आत्ता सुचलं. इतकं करून, इथवर येऊन.

नागोरावांनी एक खुर्ची ओढून घेतली. उजवा बूट काढला. मग डाव्याची लेस सोडली, बूट काढला, मोजा काढला. आतलं रबराचं पाऊल सगळ्यांसमोर आलं. बोटं एकमेकांना चिकटलेली.

मुक्ताई बघत राहिली. सनई चालूच होती.

"सळी हाय म्हनला होता ना दादा तू," ती म्हणाली.

"हाय ना," नागोराव म्हणाले. "जराशी मोठी हाय."

ते उठले. तोल मागे गेला. अरफात धावणार तेवढ्यात भाग्यश्रीनं शालूतून हात काढून त्यांचा दंड घट्ट धरला. मामा भाचीला नेत होता की भाची मामाला, हे कुणाला सांगता आलं नसतं. दोघं चढले. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते तिच्या पाठीशी उभे होते, आणि ती मागे न बघता एका हातानं त्यांचा हात धरून होती. मुक्ताईनं अक्षता टाकल्याच नाहीत. तिच्या मुठीतच राहिल्या.

पुण्याला परतल्यावर रविवारी नागोराव अरफातच्या दाराशी आले. अरफातनं आईला काही सांगितलं नव्हतं. ते सांगणं त्याचं नव्हतं. अख्तरबानूनं नेहमीसारखा चहा केला आणि कप घेऊन उंबऱ्याशी आली.

नागोरावांनी कप घेतला नाही. त्यांनी दाराची चौकट धरली आणि खाली वाकून लेस सोडायला लागले. आधी उजव्या पायाची, मग डाव्या.

अख्तरबानू बघत होती. तिनं ते पाऊल पाहिलं. मग अरफातकडे पाहिलं. मग पुन्हा ते पाऊल. चहा बशीत सांडला होता.

"वहिनी, जरा हात द्या," नागोराव म्हणाले. "बुटाशिवाय मला झोक जातो."

तिनं कप परत आत नेऊन टेबलावर ठेवला आणि हात द्यायला आली.